रस्ता ओलांडायची तालीम

लोधिवलीच्या मालोजीने बायकोला मुंबईचा रस्ता ओलांडायला शिकवायचं ठरवलं, आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

तसा हेतू चांगला होता. लेक ठमी परळला दिलेली, जावई गिरणीत. ठमीला पहिला मुलगा झाला, बारशाला दोघांनी यावं, असा निरोप हिरामणने मुंबईहून येताना आणला. हिरामण शेजारी, त्याचा भाऊ त्याच गिरणीत होता. बायजाने लगेच डिंकाचे लाडू वळायला घेतले. मालोजी मात्र गंभीर झाला. तो गावातला मुंबईचा जाणकार. ऐन तरुणपणी कंबरेच्या औषधासाठी तिकडे जाऊन आलेला. तिथल्या मोटारी, ट्रामगाड्या, घोडागाड्या यांच्यामधून आपण कसे सुळकन निघायचो, हे तो तेव्हापासून पारावर सांगत आला होता. (खरं म्हणजे त्या मुक्कामात तो धर्मशाळेच्या पायरीखाली उतरलाच नव्हता. औषध देणारा वैद्यच पायरीवर यायचा. पण कंबर बरी झाल्यावर खोलात कोण शिरतो?)

“मुंबईच्या डायवरचा भरोसा नाय,” त्याने बायजाला सांगितलं. “सरळ येतोय म्हनावं तर वळतो. वळतोय म्हनावं तर थांबतो. थांबला म्हून आपन पाय टाकला, की सुटतो.”

“म्हंजे नागूच्या रेड्यावानी,” बायजा लाडू वळता वळता म्हणाली.

मालोजीला ही गोष्ट एकदम पटली. इतकी, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नागूला रेड्यासकट पुण्याच्या सडकेवर बोलावलं. रेडा म्हणजे लॉरी. हिरामणची बैलगाडी म्हणजे ट्राम. आणि मोटार स्वतः मालोजी. हातात चाकाच्या जागी बायजाची चाळण, तोंडाने भोंगा. एरवी त्या सडकेवर दिवसभरात एखाद-दुसरी खरी मोटार जायची, त्यामुळे तालमीला जागा ऐसपैस होती.

बायजा कडेला पदर खोचून उभी राहिली. तिचे लाडू डब्यात भरून तयार होते. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून कर्जतला आगगाडी गाठायची होती, त्याच्या आत हा खेळ आटपला म्हणजे बरं, एवढंच तिच्या मनात होतं.

“डायवरच्या हातावर नजर ठेवायची,” मालोजी चाळण फिरवत म्हणाला. “हात भायेर काडला, म्हंजे मोटार त्या बाजूला वळनार. आपन उलट्या बाजूला पळायचं.”

“आन् हाताला मुंग्या आल्या म्हून काडला तर?”

“डायवरला मुंग्या येत नाय गं.”

हिरामणची ट्राम आली नि गेली. बायजा तिच्या मागून निवांत पलीकडे पोचली. लॉरी मात्र सडकेच्या मधोमध उभी राहून रवंथ करू लागली. मालोजी तिला भोंगा ऐकवत होता, तेवढ्यात त्याच्या भोंग्याला भोंग्यानेच उत्तर आलं.

खोपोलीकडून खरी मोटार येत होती. काळी, चकचकीत. चालवणारे साहेब टोपीवाले, मागे त्यांची बाई. मालोजी सडकेच्या मध्यावर, हातात चाळण धरून. क्षणभर दोन मोटारी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

मग साहेबांनी हात बाहेर काढला. सिगारेटची राख झाडायला काढला होता, पण मालोजीने नियमाप्रमाणे उलट्या बाजूला उडी मारली. समोर नाचणारा माणूस पाहून साहेब दचकले आणि मोटार नेमकी त्याच बाजूला वळली. मालोजी परत इकडे आला. साहेबही इकडे आले. मालोजी तिकडे गेला, साहेबही तिकडे. अरुंद बोळात दोन भिडस्त माणसं समोरासमोर आली की होतं तसंच चाललं होतं, फक्त त्यातल्या एकाला चार चाकं होती. शेवटी मालोजीने डोळे मिटून जी उडी घेतली, ती थेट रेड्याच्या पाठीवर. साहेबांनीही बहुधा डोळे मिटले असावेत, कारण मोटार सडक सोडून हिरामणच्या पेंढ्याच्या उडवीत शिरली.

पाठीवर अचानक मालोजी आल्यावर रेड्याने रवंथ थांबवला आणि तो तळ्याकडे सुटला. मागून नागू.

“सोड रं त्येला,” नागू ओरडत होता.

“मी कुठं धरलाय? त्योच मला घेऊन चाललाय,” मालोजी म्हणाला.

इकडे उडवीतून आधी टोपी, मग साहेब आणि मग बाई बाहेर आल्या. खरचटलंसुद्धा नव्हतं, पण तिघांच्याही अंगाला पेंढा चिकटला होता. बायजाने बाईंना सावलीत बसवलं, पाणी दिलं, एक लाडू दिला. हिरामणने ट्रामचे बैल सोडून मोटारीला जुंपले आणि ती ओढून सडकेवर आणली.

“ते गृहस्थ कोण होते?” बाईंनी लाडू खात विचारलं.

“आमचे मालक. मला मुंबईच्या मोटारी शिकवत होते.” मग बायजाने नातवाचं, बारशाचं, परळचं सगळं सांगितलं.

“आम्ही परळवरूनच जाणार,” बाई म्हणाल्या. “चला की आमच्याबरोबर.”

बायजाने थोडा विचार केला. उद्याची पहाट, बैलगाडी, कर्जतपर्यंत नवऱ्याच्या सूचना. आणि इकडे मऊ गादी. ती घरात जाऊन डबा नि गाठोडं घेऊन आली. मोटार निघता निघता तिने तळ्याकडे तोंड करून हाक दिली. तळ्याच्या मध्यावर रेडा नाकापर्यंत बुडाला होता आणि मालोजी छातीपर्यंत.

“आवो, मी फुडं जाते. तुमी उद्या या. कोंबड्या झाका.”

मालोजीला उत्तर द्यायचं होतं, पण रेड्याने नेमकी तेव्हाच बुडी मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालोजी एकटा परळला उतरला. पत्ता हिरामणने पढवला होता. ट्रामच्या थांब्यासमोर तीन मजली चाळ. थांबा सापडला. समोर चाळही होती, तीन मजली. मध्ये फक्त रस्ता होता.

त्या रस्त्यावर मोटारी, घोडागाड्या, हातगाड्या अशा काही वाहत होत्या की मालोजीने मागच्या भिंतीला पाठ लावली. त्याने एका डायवरच्या हाताकडे पाहिलं, तो कान खाजवत होता. दुसऱ्याचा हात शेजारच्याच्या खांद्यावर. तिसऱ्याचे हात दिसेनात. एकदा त्याने पाऊल खाली टाकलं आणि पहिल्याहून जोरात भिंतीला टेकला. कुठूनशी पाळण्याची गाणी कानावर येत होती. बारसं चाललं होतं आणि आजोबा रस्त्याअलीकडे. त्याला रडू यायच्या बेतात होतं.

इतक्यात ट्राम आली. चार माणसं चढली, त्यांच्या घोळक्यात तोही चढला.

“कुठं?” कंडक्टरने विचारलं.

“पलीकडं.”

“कुठल्या पलीकडं?”

“ह्या,” मालोजीने बोट दाखवलं. तोवर पलीकडची चाळ मागे गेली होती.

ट्राम शेवटपर्यंत गेली. मालोजी जागचा हलला नाही. ट्राम फिरली, परतीच्या रुळांवर आली आणि खडखडत रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, अगदी त्या चाळीसमोर उभी राहिली. बाकीच्यांच्या मागोमाग मालोजी उतरला. इतक्या अक्कलहुशारीने मुंबईत कुणी रस्ता ओलांडला नसेल, असं त्याला मनापासून वाटलं. मिशीवर ताव देत तो तिसऱ्या मजल्यावर गेला आणि पहिल्या दारातल्या म्हातारीला म्हणाला, “बारशाला आलोय.”

“हितं कुनाचं बारसं?” म्हातारी म्हणाली. “बारसं तिकडं चाललंय, समोर. ऐका की गानी.”

मालोजीने गॅलरीतून पाहिलं. समोरही थांबा होता. थांब्यामागेही चाळ होती, तीन मजली. आणि तो मघाशी जिथे टेकून उभा होता, त्या भिंतीच्या वरच्या गॅलरीत नातवाला मांडीवर घेऊन बायजा बसली होती.

“आवो,” तिने तिथूनच विचारलं, “तितं काय करताय?”

“रस्ता वलांडला,” मालोजी म्हणाला.

बायजाने नातू लेकीकडे दिला. “हलू नका. मी येते.”

ती खाली उतरली, गाड्यांमधून आली, जिना चढली आणि बाजारात हरवलेल्या पोराला धरावं तसं त्याचं मनगट धरलं. म्हातारी पाहतेय म्हटल्यावर मालोजीने छाती काढली.

“मी एकटासुद्धा आलो असतो,” तो म्हणाला.

“आला असता की,” बायजा त्याला जिन्याकडे ओढत म्हणाली. “बारशाला नाय, नातवाच्या लग्नाला.”