देवरावभाऊंचा प्रचार

हिंगणघाटला आमच्या वॉर्डात नगरपालिकेसाठी उभा राहणारा उमेदवार अर्ज भरण्याआधी देवरावभाऊंच्या दुकानात जायचा आणि हात जोडून म्हणायचा, "भाऊ, यंदा तुम्ही आराम करा."

कारण देवरावभाऊ ज्याचा प्रचार करत, तो पडे. बैलांचे दोर-दावे विकणारा हा उंच माणूस एकदा कोणाच्या बाजूनं झाला की दुकान बंद करून सायकलरिक्षात भोंगा घेऊन बसायचा. "लिहून घे, सीट आली," असं छाती ठोकून सांगायचा. ते ऐकलं की समोरची पार्टी पेढे सांगून ठेवायची.

एका हुशार उमेदवारानं तर प्रचाराचे पंधरा दिवस भाऊंना वडनेरला बहिणीकडे पाठवून दिलं. भाऊंनी तिथून पोस्टकार्डानं पाठिंबा कळवला. उमेदवार नऊ मतांनी पडला.

मीही एकदा उभा होतो. भाऊ माझ्यासाठी चार दिवस ओरडले आणि माझी अनामत जप्त झाली. त्यात भाऊंचा वाटा किती आणि माझा किती, हे आमच्या हिनं केव्हाच ठरवून टाकलं आहे. मी विचारत नाही.

मग सत्तरच्या दशकातल्या एका निवडणुकीला भाऊंचा धाकटा भाऊ मधुकर उभा राहिला. घराच्या वाटणीपासून दोघं बोलत नव्हते. मधुकरनं मला मध्ये घातलं. "बापूजी, दादाले सांगा, पाया पडतो म्हणा, पण माया प्रचाराले येऊ नको."

मी निरोप दिला. भाऊ दोर वळत होते. "बरं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मधुकरच्या विरोधकाच्या रिक्षात. हा विरोधक जामहून नुकताच गावात आलेला व्यापारी. बिचाऱ्याला इतिहास माहीत नव्हता. समोरच्याचा सख्खा भाऊच हाती लागला म्हणून त्यानं भाऊंना हार घालून पुढं बसवलं. भाऊ गल्लोगल्ली गरजले, त्याच्या छत्री या निशाणीवर शिक्का मारा म्हणून. मधुकरच्या दारापुढं तर रिक्षा थांबवून पाव तास बोलले. वॉर्डात लोक तोंडावर नावं ठेवू लागले. मीही त्यांच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं.

शाळेत मोजणी झाली. मधुकर अकरा मतांनी आला. मिरवणूक मुद्दाम दोरांच्या दुकानापुढं थांबली, डफ वाजले, कोणीतरी विचारलं, "काऊन जी देवराव, आली का सीट?" मधुकरनं मान फिरवली.

मिरवणूक पुढं गेल्यावर मी तावातावानं आत शिरलो. भाऊ दोरांवर उडालेला गुलाल फडक्यानं झटकत होते.

"सख्ख्या भावासंग असं काऊन वागले तुम्ही?"

"मी ज्याच्यासाठी फिरलो त्याच्यातला एक तरी आला का बापू?"

"नाई."

"मंग मध्यासाठी कसा फिरू?"

मी पोत्यावर बसलो. विचारलं, "निदान मत?"

"तेही छत्रीलेच देलं. माया मताचा काय भरोसा." ते फडकं झटकत राहिले. "पण शिक्का माराले लय वेळ लागला. मागचे लोक वरडून राह्यले होते."

मी उठलो. "थांबा, मधुकरले सांगून येतो."

भाऊंनी माझं मनगट धरलं.

"सांगू नको. सांगितलं तं तो येईन, गळ्यात पडीन. अन् पुढच्या खेपेले मले आपल्या जीपमधी बसवीन." त्यांनी हात सोडला. "मंग पडते पोट्टं."