चंद्रावर जन्मलेल्या पोराची रास

आमच्या शाळेत पाण्याचा नवा पंप बसला, त्या दिवशी नेमाण्णा सरांनी त्याची जन्मकुंडली मांडली. वायरमननं बटण दाबलं, पाइपातून पाण्याची पहिली गुळणी बाहेर पडली आणि सरांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन वेळ टिपली. मधल्या सुट्टीपर्यंत पत्रिका तयार.

"तब्येत चांगली हाय," ते म्हणाले, "पण शनीची दृष्टी हाय. उन्हाळ्यात दम खाईल."

उन्हाळ्यात पंप बंद पडला. आमच्या अनगोळ गावातले सगळेच पंप उन्हाळ्यात बंद पडायचे, कारण विहिरीच आटायच्या. पण हे सरांना सांगणार कोण?

मी त्या शाळेत मराठी शिकवायची आणि सर भूगोल. निपाणीकडचे जैन, घरी कानडी, बाहेर मराठी. अंगानं सडपातळ, डोक्यावर काळी टोपी, लग्न केलेलं नाही. कुठलाही प्रश्न विचारा, आधी "नोडोणा" म्हणायचे. म्हणजे 'बघूया'. मुख्याध्यापकांनी पगाराच्या कागदावर सही मागितली तरी नोडोणा.

वर्गात ते हातात पृथ्वीचा गोल घेऊन टेबलावरच्या दिव्याभोवती फिरायचे आणि पोरांना सांगायचे, सूर्य जागचा हलत नाही. संध्याकाळी घरी जाऊन त्याच सूर्याला बारा घरांतून फिरवायचे. मी एकदा विचारलंच, "सर, खरं काय? कोण कुणाभोवती फिरतं?"

"बाई, शाळेचं शाळेत, घरचं घरात," ते म्हणाले. "दोघांची गाठ घालू नका. भांडणं हुत्यात."

स्कायलॅब नावाची अंतराळातली प्रयोगशाळा पडणार म्हणून गावोगाव धास्ती बसली, तेव्हा तर सरांना फुरसतच नव्हती. ती नेमकी आपल्या भागात पडणार असं कुणीतरी उठवलं होतं. शेजारच्या मच्छे गावातले लोक म्हणे, मरायचंच आहे तर खाऊन घेऊ, म्हणून कोंबड्या कापायला लागले. सर सायकल काढून मच्छेला गेले. जुन्या वर्तमानपत्रातून स्कायलॅबच्या उड्डाणाची वेळ शोधून त्यांनी तिची पत्रिका मांडली होती. ती चावडीपुढं उघडून त्यांनी सांगितलं, "हिचं मरण पाण्यात हाय. समुद्रात पडणार. कोंबड्यास्नी सोडा."

ती पडली, पण बरेच तुकडे ऑस्ट्रेलियाच्या जमिनीवर सापडले. आमचा शिपाई मल्लाप्पा म्हणाला, "सर, पाण्यात म्हणाला होता की!"

"ऑस्ट्रेलियाच्या चारी बाजूला काय हाय रं? पाणीच न्हवं?" सर म्हणाले. "आणि कोंबड्या वाचल्या का न्हाय, ते सांग."

चौऱ्याऐंशी साली आपला माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला. शाळेनं रेडिओ ऑफिसच्या खिडकीत ठेवला, पोरं पटांगणात बसवली. बातमी ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेमाण्णा सर मात्र कपाळाला आठ्या घालून उभे.

"काय झालं सर?"

"बाई, हे यान दीड तासात पृथ्वीला एक फेरा मारतंय. म्हंजे दीड तासात बारा लग्नं!"

पत्रिकेतलं लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, हे मला ठाऊक होतं. मल्लाप्पाला नव्हतं. तो म्हणाला, "बारा? आमच्या सायन्सच्या मास्तरांचं एक जमंना!"

सरांचं लक्षच नव्हतं. "उद्या तिकडं मूल जन्मलं, तर लग्न कुठलं मांडायचं?"

"आधी मूल जन्मू दे की सर," मल्लाप्पा म्हणाला. "लग्नाचं मागनं बघू."

त्या आठवड्यात सरांना दुसरा विषय नव्हता. यानातल्या पोराचं कोडं कमी पडलं म्हणून त्यांनी चंद्रावरचं पोर काढलं. रास चंद्रावरून ठरते. मग जे पोर चंद्रावरच जन्मलं, त्याची रास कोणती? "त्याला रासच न्हाय बाई. त्याच्या कुंडलीत चंद्राच्या जागी पृथ्वी मांडायला पायजे. म्हंजे आपुण सगळे त्याच्या पत्रिकेत बसणार. आपुण नीच राशीत गेलो तर त्या लेकराचं हाल." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका कष्टी झाला की मला हसू आवरावं लागलं. न जन्मलेल्या, कधी जन्मेल की नाही याचा पत्ता नसलेल्या पोराची काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले होते. दिवेलागण झाली होती. सर अंगणात उभे राहून पूर्वेकडं बोट दाखवत म्हणाले, "ती बघा, चित्रेची चांदणी. सगळं गणित हिच्यावरनं. बाकीचे फिरत्यात. कुणीतरी एका जागी बसल्याबिगर मोजायचं कशावरनं?"

मी सहज विचारलं, "सर, तुमची रास कोणती हो?"

"नोडोणा," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मला वेळ न्हाय."

"आत्ता नको. सवडीनं सांगा."

"सवड हाय बाई. वेळ न्हाय. जन्मवेळ."

मग त्यांनी सांगितलं. वडील खानापूरपुढच्या गुंजी गावी लाकडाच्या ठेकेदाराकडं नोकरीला होते. सर जन्मले तेव्हा ते जंगलात. परतले तेव्हा आई तापानं फणफणलेली, शुद्ध हरपलेली. ती गेली. वडिलांनी तान्ह्या पोराला निपाणीला आत्याच्या ओटीत घातलं आणि त्यानंतर गुंजीचं नाव काढलं नाही. "विचारलं की उठून जायचे," सर म्हणाले. "मग मीबी विचारायचं सोडलं."

गुंजी माझं माहेर. मे महिन्यात गेले तेव्हा मी आईला विचारलं. आई म्हणाली, "त्या काळी बाळंतपणं गंगाक्काच करायची. हाय की अजून, स्टेशनामागं."

मी सरांना निरोप धाडला. ते पहिल्या गाडीनं आले, इस्त्रीचे कपडे घालून, एखाद्या तपासणीला निघावं तसे. गंगाक्का अंगणात फणसाचे गरे काढत बसली होती. कान शाबूत, डोळे अधू. मी ओळख सांगितली, तसं तिनं चीक लागू नये म्हणून तेल लावलेले हात लुगड्याला पुसले आणि सरांचा चेहरा चाचपला.

"लाकूडवाल्या कारकुनाचा तू? व्हय रं, मीच तुला घेतला हातात! गाडी स्टेशनात शिरत होती बघ. इंजिन नुसतं बोंबलत होतं."

मी उडालेच. "सर! जुनं वेळापत्रक मिळालं तर..."

सरांनी माझ्याकडं न बघता हात वर केला. मग खाली मातीत, गंगाक्काच्या गुडघ्याजवळ बसले.

"आक्का," ते म्हणाले, "ती काय बोलली का?"

"बोलली की! तुला छातीशी धरलं आणि मलाच दटावलं, त्या इंजिनाला म्हणावं गप बस, माझं लेकरू दचकतंय." गंगाक्का बोळक्या तोंडानं हसली. "मी काय इंजिनाला सांगणार? पर तिचा जीवच तसला."

सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "परत सांगा."

तिनं परत सांगितलं. मग त्यांनी विचारलं, दिसायला कशी होती, उंच होती का, गाणं म्हणायची का. गंगाक्काला जेवढं आठवलं तेवढं ती सांगत गेली. आठवलं नाही तिथं थांबली, त्यांना बरं वाटावं म्हणून काही रचलं नाही. निघताना तिनं गरे पळसाच्या पानात बांधून दिले.

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले होते.

"बाई," एकदम म्हणाले, "ती घाबरली न्हवती न्हवं?"

"कोण, सर?"

"आई. घरात कोण न्हाय, मुलूख परका. मला आपलं जन्मभर वाटायचं, लई घाबरली असंल."

"इंजिनाला दटावणारी बाई घाबरेल होय, सर?"

ते हसले. पान सोडून त्यांनी एक गरा माझ्या हातावर ठेवला, एक स्वतः घेतला. खानापूर मागं पडलं तरी तो त्यांच्या हातातच होता.