मागच्या सीटवरचं पाणी

भाईंदरला आमच्या बिल्डिंगमधले पास्कल अंकल मोटरसायकल शिकवतात, आणि शिकवताना मागच्या सीटवर माणूस बसवत नाहीत, पाण्याचा टोप बसवतात. काठोकाठ भरलेला, सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळून बांधलेला. गोडदेवच्या मैदानात रविवारी चर्चमध्ये मिसाला जाण्याआधी ते करवंट्या मांडून नागमोडी वाट तयार करतात. त्या वाटेनं जायचं, वळायचं, थांबायचं आणि टोपातलं पाणी टोपातच ठेवून परत यायचं. फी काही नाही. पास झालेलाही कोणी नाही.

चाळिशी उलटल्यावर मला मोटरसायकल शिकायची हुक्की आली. स्कूटी येतच होती, म्हणजे मला तसं वाटत होतं. एकदा गेटमधून आत वळले तर अंकल वाटेत उभे. काचबिंदूमुळं त्यांना कडेचं दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं. त्यामुळं ते अख्खी मान फिरवून बघतात आणि समोरच्याला उगाच गुन्हा केल्यासारखं वाटतं.

"बाय, तू गाडी चालवत न्हाय. गाडी तुला फरफटत नेते. मना आवाजावरनं कलतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पुढच्या रविवारी मी मैदानात हजर होते.

डॉक्टरांनी गाडी बंद म्हटलं तेव्हा अंकलनी हुज्जत घातली नव्हती. मुकाट्यानं चावी खुंटीला लावली. पण त्यांचं ते साडेतीनशे सीसीचं काळं धूड त्यांनी विकलंही नाही. रोज संध्याकाळी पुसायचं, सुरू करायचं, कान देऊन ऐकायचं आणि बंद करायचं. रविवारी शिकवण्यापुरतं तेच मैदानात आणायचं. 'जो पानी न सांडता येल, त्याच्या हातात कायमची चावी,' असं त्यांनी जाहीर केलं होतं. उरलेली नजर जायच्या आत त्यांना या गाडीला एक चालवणारा शोधायचा होता. घाई होती, पण परीक्षेत सूट एका थेंबाची नव्हती.

उमेदवार बरेच येऊन गेले. केबिन रोडवरच्या जिमचा एक ट्रेनर आला. जाकीट, हातमोजे, गुडघ्यांना ढाली, सगळा थाट. परत आला तेव्हा पाठीपासून खाली निथळत होता. "अंकल, ये रायडिंग है या सर्कस?" तो चिडून म्हणाला. "सर्कसला तिकीट लागतं बेटा. ये फ्री है," अंकल म्हणाले, आणि टोप पुन्हा भरायला घेतला.

सबब सांगितलेली त्यांना चालायची नाही. ब्रेक आधीच घट्ट होता, करवंटीच मधे आली, मैदानच वाकडं आहे, काहीही सांगा. "मना नको सांगू. पान्याला विचार." एवढं बोलून ते पाठ फिरवायचे.

गाडीला हात लावू देण्याआधी मात्र ते स्वप्न बघायला लावायचे. हे मी शब्दशः सांगतेय. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं, हातात हँडल म्हणून लाटणं धरायचं, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात समुद्राकाठच्या उत्तनला जायचं. पहिल्या दिवशी माझे यजमान गच्चीवर आले, क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि "आज पोळ्या बाहेरून आणू का?" विचारून खाली गेले.

मला आधी हसू आवरेना. मग हळूहळू काय झालं कोण जाणे, ती खुर्ची खरंच चालायला लागली. बाजूनं अंकलचा संथ आवाज यायचा. "आता खाडीचा वास येल. आता उजवीकडं मिठागर. थ्रॉटल हलूच सोड, झोपलेल्या पोराच्या हातातलं खेलनं काढतात तसा. वलनाच्या तोंडाकडं बघू नको. वलन जिथं संपतं, तिथं बघ." मला मिठाचे पांढरे ढीग दिसायचे, पाण्यात पडलेलं आभाळ दिसायचं, आणि रस्ता आपण होऊन उलगडत जायचा. डोळे उघडले की गच्चीवर वाळणाऱ्या चादरी परक्या वाटायच्या. इतकं सुखानं मी कुठं गेले नव्हते.

हे सगळं ते शिकले कुठं? तरुणपणी रजा काढून दक्षिणेतल्या एका रेसट्रॅकवर शिकायला गेले होते. बाकीचे वेग शिकायला आलेले. अंकल सगळ्यांच्या मागून, बैलगाडीच्या ऐटीत. हसले म्हणे सगळे. "तुम्ही मग शिकलात काय?" मी विचारलं. "सावकाश जायला," ते म्हणाले. तेवढ्यासाठी एवढ्या लांब कशाला, हे सांगायचे नाहीत.

किती रविवार भिजले, विचारू नका. पण एक दिवस मी परत येऊन थांबले, पाय टेकला, आणि मागं वळून बघायचं धाडस होईना. अंकल वाकले. टोपाच्या काठावरून सगळीकडं बोट फिरवलं. बाहेरून टोप कोरडा होता. मला वाटलं, आता पाठ थोपटतील. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी सिसिलला उत्तनला न्यायचं. तिच्या म्हायेरी."

सिसिल आंटी म्हणजे त्यांची बायको. 'माझा निवट्यांच्या कालवणाचा टोप नेला' म्हणून दर रविवारी खिडकीतून ओरडते, ती.

"तिला झोप येत न्हाय," अंकल म्हणाले. "पलंगावर कदी आलीच न्हाय. लग्न झाल्यावर ती पहाटे भायंदरला मासली विकायची. मी तिला उत्तनवरनं घ्यायला यायचो. रिकामी पाटी बांधायची, ती मागं बसायची, आनि माझ्या पाठीवर डोकं टाकून झोपायची. मी दोघांभोवती पट्टा बांधायचो. ट्रॅकवर मी मास्तरला तेच विचारलं. मागं झोपलेल्या मानसाला जाग येनार न्हाय, असं कसं वलायचं? मी गाडी सोडली, आनि तिची झोप गेली. रातभर छताकडं बघत पडते."

आजवर आम्ही सगळे पाणी नव्हे, कोणाची झोप सांडत होतो, ते आता कळलं.

आंटीला हे मुळीच कबूल नव्हतं. "मी कदी झोपले गाडीवर? डोले मिटते, वारा लागतो म्हनून!" असं म्हणत तिनं अंबाड्यातली वेणी काढली आणि हेल्मेट चढवलं. अंकलनी चाचपत चाचपत आम्हा दोघींभोवती तो रुंद पट्टा बांधला. दोनदा ओढून बघितला. मग बाजूला झाले.

मी रेल्वेवरचा पूल ओलांडून पश्चिमेला आले. मागं आंटी अखंड बोलत होती. मुर्धा गेलं. राई गेलं. पाठीवर अजून गप्पाच. माझा जीव खालीवर. मोर्वा मागं पडलं, मिठागरांचा तो मोकळा, पांढरा पट्टा सुरू झाला, आणि एका वळणावर बोलणं अर्ध्यात थांबलं. हेल्मेट माझ्या पाठीला टेकलं. हळूहळू त्याचं वजन वाढत गेलं. मी रडत होते आणि रडताना गाडी हलू नये म्हणून श्वास धरून होते. उत्तनला तिच्या भावाच्या दारात थांबावं लागलं, तेव्हा मला अपराध्यासारखं झालं. "आलं एवढ्यात?" आंटी दचकून म्हणाली. "झोपले न्हाय हां मी."

परतलो तेव्हा अंकल गेटमध्येच होते, आवाजाकडं कान लावून. आंटी वर गेली. त्यांनी ब्रेकचं विचारलं नाही, वळणांचं विचारलं नाही.

"झोपली?"

"झोपली, अंकल. गाढ."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी दुसरीकडं बघितलं. ते पट्टा गुंडाळत राहिले. बराच वेळ गुंडाळला. मग हळूच विचारलं, "कुठं?"

"मोर्व्याच्या पुढं. मिठागरांपाशी."

"हां," ते म्हणाले. "माझ्या मागं राईलाच झोपायची."