दिसतंय ना? मग आहे!

१९८१च्या ऑक्टोबरात, दिवाळी आठवड्यावर आली असताना, लखनौच्या महानगर भागात राहणाऱ्या वसंत तांबे यांनी स्वतःच्या अंगणातल्या नळावर पत्र्याचा डबा उलटा बसवला आणि त्याला कुलूप घातले. नळ चांगला होता. पाणीही येत होते. त्यांच्या खालच्या घरात नळ तेवढा एकच होता. किल्ली जानव्याला बांधून ते ऑफिसला निघून गेले.

आदल्या संध्याकाळी त्यांच्या पत्नी नलिनीवहिनी मिरजेहून आल्या होत्या. कुठल्याही घरात पाय ठेवला की दुसऱ्या सकाळी पडदे, चादरी आणि उशांचे अभ्रे धुवायला काढायचे, हा वहिनींचा नियम होता. तांब्यांच्या बैठकीच्या खोलीतले पडदे मात्र पाण्यात गेले की संपणार होते. हे तांब्यांना माहीत होते आणि मला माहीत होते. वहिनींना माहीत नव्हते.

मी त्या वेळी लखनौच्या एका दैनिकात वार्ताहर होतो आणि तांब्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. तांबे एका सरकारी संशोधन संस्थेत ड्राफ्ट्समन होते. उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल. ही पेन्सिल लग्नकार्यातही तिथेच असे. पगार बेताचा, त्यातला काही भाग मिरजेला जाई. तरीही महानगरात कोणाकडे पाहुणे आले की त्यांना तांब्यांची खोली दाखवायला आणत. खोली खरोखर देखणी होती. अट एकच: दारातून बघायची.

"हात नका लावू, जोशी. खोली ही डोळ्यांची वस्तू आहे," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले.

संस्थेत परदेशी यंत्रे यायची ती देवदाराच्या मोठ्या खोक्यांतून. रिकामी खोकी भंगारात निघत. तांब्यांनी त्यांचा सोफा केला होता. वर कापसाची गादी, गादीवर मेंदी रंगाची खोळ. लांबून हजरतगंजच्या शोरूममधला वाटे. मात्र पाहुण्याच्या वजनानुसार त्याची जागा ठरलेली असे. "आपण इकडे, खिडकीकडे बसा. त्या टोकाला लाकूड जरा विचारात आहे," असे ते अगदी अदबीने सांगत. मधले टेबल म्हणजे तारेचे मोठे लाकडी रीळ आडवे ठेवलेले. कोपऱ्यातला दिवा म्हणजे नक्खासच्या रविवारच्या जुन्या बाजारातून आणलेला हुक्क्याचा पेंदा, त्यावर पतंगाच्या कागदाची छत्री. दिवा लागत नसे, कारण त्यात तार नव्हती. मी तसे म्हटले तेव्हा त्यांनी आपले कायमचे उत्तर दिले.

"दिसतोय ना? मग आहे!"

हजरतगंजला ते महिन्यातून एकदा जात, पण खरेदीला नव्हे. फर्निचरच्या दुकानात शिरून प्रत्येक खुर्चीवर बसत, मग खिशातून कोनमापक काढून पाठीचा कल मोजत. एकदा मी बरोबर होतो. दुकानदार बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "साहब, कुर्सी लेंगे या जॉमेट्री पढ़ाएँगे?"

"अभी तो नाप ले रहे हैं," तांबे म्हणाले.

"किसका?"

कोनमापक खिशात ठेवून तांबे बाहेर पडले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "नव्या वस्तूत अर्थ नसतो हो. ज्याला दुसऱ्याचं जुनं मिळत नाही, तो नवं घेतो."

खोलीचा मुख्य मान भिंतीवरच्या शेकोटीचा होता. लखनौची थंडी हाडात शिरते. साहेबाच्या काळातल्या बंगल्यांत भिंतीत शेकोट्या असत. भाड्याच्या घरात ती शक्य नव्हती, म्हणून तांब्यांनी ती भिंतीवर चितारली. गेरू, चुना आणि काजळ वापरून, ड्राफ्ट्समनच्या हिशेबाने, भिंत आत खोल गेली आहे असे वाटेल अशी. विटा, राख, दोन जळती लाकडे. समोरचे मिश्राजी, निवृत्त मास्तर, एका जानेवारीत संध्याकाळी आले, वेताचा मोढा ओढून शेकोटीसमोर बसले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. थोड्या वेळाने मान वळवून म्हणाले, "तांबेजी, लकड़ी कुछ कम पड़ रही है।"

तांब्यांनी दुसऱ्या दिवशी तिसरे लाकूड काढले.

आता पडदे. पांढरे मांजरपाट घ्यायचे तर परवडत होते, छापील कापड परवडत नव्हते. जुन्या लखनौतल्या चौक भागात चिकनचे काम करणारे कापडावर आधी लाकडी ठप्प्याने निळी नक्षी छापून घेतात. त्या रेघांवर बायका सुईने भरतकाम करतात आणि मग कापड धुतले की निळा रंग निघून जातो. रंग कच्चा असतो, जाण्यासाठीच असतो. त्यामुळे छपाई अगदी स्वस्त. तांब्यांनी मांजरपाट उचलून थेट छपाईवाल्याकडे नेले. आंब्याच्या कोयऱ्या, मधे वेल, काठाला जाळी.

"कढ़ाई कौन करेगा, साहब?" छपाईवाल्याने भरतकामाचे विचारले.

"कढ़ाई नहीं होगी।"

"तो फिर छपाई किस लिए?"

"देखने के लिए।"

छपाईवाला हसला, पण छापून दिले. पडदे लागले तेव्हा खोलीला एक थंडावा आला, हे मी कबूल केले पाहिजे. पावसाळ्यात तांबे खिडक्या घट्ट बंद ठेवत आणि आत घामाने निथळत बसत.

हा सगळा उद्योग कशासाठी, हे मला बऱ्याच उशिरा कळले. १९७४च्या जूनमध्ये, लग्नानंतर, वहिनी पहिल्यांदा लखनौला आल्या. बाहेर उन्हाळ्यातली तापलेली लू वाहत होती. घरात एक बाज, एक ट्रंक आणि एक स्टोव्ह. वहिनी मिरजेच्या शाळेत मराठी आणि गणिताच्या कायम शिक्षिका होत्या. सुट्टी संपायच्या आधीच त्या परत गेल्या. भांडण झाले नाही. जाताना त्या एवढेच म्हणाल्या की तिथे माझी शाळा आहे, इथे माझे काय आहे? तेव्हापासून तांबे वर्षातून एकदा मिरजेला जात आणि वहिनी लखनौला येत नसत.

"चूक नव्हती तिची," तांबे मला म्हणाले. "ट्रंकेवर बसून जेवली हो ती."

या खेपेला वहिनी बिनपगारी रजा घेऊन आल्या होत्या. रजा दिवाळीनंतरच्या सोमवारी संपत होती. त्या दिवशी एकतर शाळेत हजर व्हायचे, नाहीतर राजीनामा पाठवायचा. मुख्याध्यापिका दुसरी संधी देणार नव्हत्या. वहिनी यायच्या आधी तांबे वर आले आणि मला म्हणाले, "जोशी, तेवढे दिवस घर टिकलं पाहिजे."

वहिनींना त्यांनी सांगितले की नळ बिघडला आहे आणि सरकारी माणूस येईपर्यंत झाकून ठेवायचा हुकूम आहे. पाणी ते स्वतः पहाटे भरून ठेवत. वहिनींनी दोन दिवस ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या वर आल्या आणि माझ्या पत्नीला, सुमनला, म्हणाल्या, "तुमच्याकडे नळ बिघडला की त्याला कुलूप लावतात का हो?"

सुमनने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्राकडे पाहिले.

"तुमची मोरी जरा वापरू? पडदे फार कळकट झालेत. यांना काही दिसत नाही."

मी काही बोलेपर्यंत पडदे बादलीत गेले होते. पाणी आधी फिके निळे झाले, मग शाईसारखे. वहिनींनी तीन पाणी काढली. चौथे पाणी स्वच्छ निघाले. त्यांनी पडदा झटकला तेव्हा तो पांढरा शुभ्र होता. कोयऱ्या गेल्या, वेल गेली, जाळी गेली. वहिनी बराच वेळ तो उलटसुलट करून पाहत राहिल्या. मग सगळे पडदे गच्चीवर वाळत घातले.

तांबे दुपारी जेवायला घरी येत. फाटकातूनच त्यांना गच्चीवरचे पांढरे पडदे दिसले. ते सायकल धरून तिथेच उभे राहिले. मी खाली गेलो. वहिनी दारात होत्या.

"अहो, नक्षी गेली," त्या म्हणाल्या.

"हो. ती जाते."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

वहिनी आत वळल्या. सोफ्याची खोळ वर करून त्यांनी लाकूड पाहिले. त्यावर काळ्या अक्षरांत, ही बाजू वर ठेवा, असे इंग्रजीत छापलेले होते. दिव्याचे बटण शोधले, सापडले नाही. भिंतीपाशी जाऊन शेकोटीवर बोट फिरवले. बोट गेरूने लाल झाले.

"सात वर्षं मला सांगत होतात घर लावतोय, घर लावतोय. हे घर?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मी इथं कायमचं यायचं म्हणजे नाटकाच्या पडद्यापुढं येऊन राहायचं? खरं काय आहे हो या घरात? एक तरी वस्तू दाखवा."

मी निघायला लागलो. तांब्यांनी हाताने थांबवले. कशासाठी ते मला कळले नाही. बहुधा एकट्याला धीर होत नसावा.

घराला मागे एक लहान खोली होती. ती कायम बंद असे. वहिनींना त्यांनी तिथे अडगळ आहे असे सांगितले होते. मलाही तेच सांगितले होते. ते स्वतः इतकी वर्षे बैठकीत त्याच खोक्यांवर झोपत. तांब्यांनी दार उघडले आणि एक जुनी चादर ओढून बाजूला केली.

खिडकीखाली शिसवी टेबल होते, खणांचे. त्यापुढे वेताने विणलेली खुर्ची. बाजूला पुस्तकांसाठी कपाट. भिंतीला पक्का दिवा, त्याला तार, तारेला बटण. सगळे सुताराकडून करवून घेतलेले, नवे, अजून पॉलिशचा वास असलेले. भिंतींना साधा चुना. नक्षी कुठेही नव्हती.

"पेपर तपासायला," तांबे म्हणाले. "इकडेही शाळा आहेत. मराठी नाही शिकवत, पण गणित शिकवतात."

वहिनी टेबलापाशी गेल्या.

"बसून बघ. मिरजेच्या शाळेत तुझे पाय लोंबतात. तास संपला की पोटऱ्या दुखतात म्हणायचीस. म्हणून ही जरा ठेंगणी करून घेतली. बाजारातल्या सगळ्या उंच असतात."

"मग ही बाहेर का नाही ठेवली? लोक बघायला येतात ना?"

"ही बघायची नाही," तांबे म्हणाले. "म्हणून दार लावून ठेवलं."

वहिनी खुर्चीत बसल्या. पाय जमिनीला टेकले. त्यांनी टेबलाचा एक खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. तांबे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. कानावरची पेन्सिल काढून ते तिचे टोक नखाने खरवडत होते.

"खण अडकतोय," वहिनी म्हणाल्या.

"थंडीत सुटेल. लाकूड आहे."

"आणि तो नळ उघडा आधी. मला हात धुवायचेत."

तांब्यांनी जानव्याची किल्ली काढली. मी वर आलो.

दिवाळी तांब्यांकडे पांढऱ्या पडद्यांत झाली. मिश्राजी फराळाला आले, शेकोटीवरचा बोटाचा ओरखडा त्यांना दिसला आणि "आग तो बुझ गई, भाभीजी" असे म्हणून त्यांनी आणखी एक करंजी घेतली. वहिनींनी राजीनाम्याचा विषय काढला नाही. तांब्यांनीही विचारले नाही. मला मात्र ते जिन्यात दोनदा थांबवून म्हणाले, "सोमवार आहे ना हो, सोमवार?"

दिवाळीनंतरच्या सोमवारी रजा संपली. त्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या सुमाराला नलिनीवहिनी सुमनला बरोबर घेऊन जवळच्या कपूरथला बाजारातल्या चक्कीवर गेल्या आणि महिन्याचे गहू दळायला टाकून आल्या.