मरोळ गावठाणी अकरावी खिडकी बसविली, त्या मोहिमेची हकीकत

गावठाणाच्या क्रूसाचे छायेत समस्त सुखरूप असता, आज्ञा जाहली की इसिडोरसाहेबांचे संगणकस्वारीची हकीकत लिहून ठेवणे. आज्ञा कोणी केली? कोणीच नाही. परंतु आम्ही अंबादास, राहणार समोरची माडी, आमची खिडकी त्यांचे खिडकीसमोर आणि पडदा दोहींकडे नाही. तेव्हा जे देखिले, ऐकिले तेच लिहितो, पदरचे मीठ घालीत नाही. घातलेच तर चवीपुरते.

अंधेरी प्रांती मरोळ गावठाणात राजमान्य राजश्री इसिडोरसाहेब, विमानतळाचे मालखात्यातून पेन्शनीत आलेले, यांचे पदरी एक संगणक होता, आणि त्यावर दहाव्या खिडकीचा, फिरंगी बोलीत विंडोज टेनचा, अंमल होता, आणि त्याचे पोटात साहेबांच्या मातुश्री स्वर्गवासी दोमिंगाबाई यांचा आवाज होता. गावात लग्न निघाले आणि उंबराचे पाणी आणावयास बायका वाजतगाजत विहिरीवर निघाल्या की पुढे गाणार दोमिंगाबाई. साहेबांनी ती गाणी कॅसेटीत धरिली, मग संगणकात चढविली, आणि मग कॅसेटीस बुरशीने खाल्ले. आता शनिवारी कन्या बेव्हर्ली यांचे लग्नाचे पाणी, आणि कन्येचे फर्मान सुटले की आजीचा आवाज पुढे वाजल्याविना आपण विहिरीकडे पाऊल टाकणार नाही.

ऐशियात पडद्यावर रोज खलिता येई की दहाव्या खिडकीची मुदत सरली, अकरावी बसवा, न बसवाल तर चोरांस दार मोकळे. साहेबांची झोप उडाली. खासा कबिला सेराफिनाबाई यांनी मसलत दिली, "लग्न होऊ दे रे, मग बसव खिडक्या नि दारं." मानिली नाही. स्टेशनाजवळील दुकानदार अल्पेश यांस फोन गेला. त्यांनी अर्ज केला की काका, आधी आवाजाची एक कॉपी काढून ठेवा ना. त्यावर साहेब कडाडले की कॅसेटीची नक्कल केली तेव्हा आवाज पातळ जाहला, नकलेची नक्कल केली तेव्हा अगदीच ताक, सबब आईस पातळ करणार नाही. हट्टास औषध नाही! वर प्रतिज्ञा केली की फत्ते होईतो अन्न वर्ज्य.

शुक्रवारी न्याहारी न करिताच निशाण चढले. बटण दाबिले आणि टक्का टक्का मुलूख सर होऊ लागला, आणि बाईंनी चहास बोलाविले ते फिरविले, आणि मग जेवणास बोलाविले तेही फिरविले, आणि मग निम्मा मुलूख हाती येतो न येतो तोच यंत्रातील पंखा घरघरला, कण्हला आणि पडदा काळाठिक्कर पडला. साहेबांनी जाहीर केले की वाट लागली.

तो मुदपाकखान्यातून बाई गरजल्या, "माझा मसाला कोण जाळतो रे?"

मसाला कोणीच भाजीत नव्हते. वास यंत्रातून येत होता. जाहले होते ते असे की लग्नास व पुढे वर्षास पुरेल असा, बाटल्यांत भरून ठेवावयाचा बॉटल मसाला गेल्या हप्त्यात दाराशीच कुटला, बायकांनी लांब मुसळांनी दणादण कुटला, आणि साहेब आत पत्ते खेळत बसले व यंत्र झाकावयाचे राहिले. पंखा इमानी, समोर आले ते गिळीत गेला.

अल्पेश फोनावरून सांगत गेले की मेन स्विच बंद करा, पत्रा उघडा, ब्रशाने झाडा. बाईंनी केकच्या साच्याचा कोरा ब्रश दिला. पत्रा उघडताच लाल धुरळा उठला. साहेब शिंकले, बाई शिंकल्या, आम्ही माडीवर शिंकलो. साहेबांचे डोळ्यांस धारा लागल्या. मसाला खाली बसला तरी धारा थांबेनात, आणि ते मुलासारखे म्हणाले, "आईचा आवाज गेला गं, सेराफिना." बाई पदराने यंत्र पुसू लागल्या.

मग फेर चढाई केली. पंखा मोकळा फिरला, टक्के शंभरास भिडले, अकरावी खिडकी उघडली. साहेबांनी मातुश्रींचे गाणे शोधून लाविले आणि दोमिंगाबाई गाऊ लागल्या, तशी सारी गल्ली दाराशी आली. दुसरे कडवे सरले आणि बाईंनी मध्येच गाणे थांबवून हाक मारिली, "इसिडोर! ते मशीन ठेव बाजूला नि पयला जेव रे. कालवण थंड झालं."

साहेब उठले. हात धुतले, टेबलाशी बसले. सेराफिनाबाईंनी ताट वाढिले, कालवण पुन्हा ऊन केलेले होतेच.

सायंकाळी अल्पेश येऊन कॉपी काढिते जाहले. लावून पाहिली, तीतही दोमिंगाबाई तितक्याच जोराने ओरडतात, पातळ काही जाहल्या नाहीत. येणेप्रमाणे मोहीम फत्ते, इसिडोरसाहेब जेविले. लिहिले ते खरे, शिक्का मसाल्याचे बोटाचा.