अस्वलाचे अठरा श्वास

एका जंगलात, बाळांनो, एक सुसज्ज रुग्णालय होतं. सुसज्ज म्हणजे काय, असं मध्येच विचारू नका. फाटकावर तसा फलक होता, म्हणजे ते सुसज्ज होतं.

रुग्णालयाला जोडून एक नर्सिंग शाळा होती. तिथे पाखरांच्या मुली सिस्टर व्हायला शिकत. त्यांची पुस्तकं जाडजूड होती. ती माणसांनी माणसांसाठी लिहिलेली होती आणि जंगलाने ती जशीच्या तशी मागवून घेतली होती. त्यांत छापलं होतं की निरोगी जीव मिनिटाला सोळा ते वीस वेळा श्वास घेतो. ते वाचून हत्तीने आपला वेग थोडा वाढवला आणि चिचुंद्री श्वास रोखून धरायला शिकू लागली. पण तो त्यांचा घरगुती प्रश्न.

आता नीट ऐका. रोज सकाळी सिस्टर प्रत्येक आजाऱ्याजवळ जात. ताप बघत, नाडी बघत आणि मग श्वास मोजायची वेळ येई. श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट आजाऱ्याच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं. वॉर्डात आजारी चाळीस आणि सिस्टर दोन. चाळीस मिनिटं छात्या बघत बसलं, तर चादरी कोण बदलणार? इंजेक्शनं कोण देणार? डॉक्टरांच्या मागे पळणार कोण?

म्हणून कुणीतरी, कधीतरी, न मोजताच अठरा लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुसरीने कालचं पाहून अठरा लिहिलं. तिसऱ्या दिवशी तर प्रश्नच उरला नाही. तसा आकडाही बरा आहे. सोळा म्हटलं की जरा कमी वाटतं. वीस म्हटलं की अंदाजपंचे वाटतं. अठरा लिहिलं की बघणाऱ्याला वाटतं, वा, काय मोजलंय!

अशी कित्येक वर्षं गेली. हत्ती असो, ससा असो, चार्टवर श्वास अठरा.

त्या शाळेत एक टिटवी शिकत होती. नदीच्या वाळूवरून आलेली. त्या वाळूवर टिटव्यांची दोनशे घरटी होती आणि एकही सिस्टर नव्हती. दर वर्षी पिल्लं तापाने जात. शेवटी जंगलाने तिथे एक उपकेंद्र बांधलं. छान पिवळा रंग दिला, दाराला कुलूप लावलं आणि सांगितलं, "तुमच्यातली कुणी परवाना घेऊन आली की किल्ली देऊ." तेव्हापासून सगळी वाळू टिटवीच्या निकालाकडे डोळे लावून बसली होती. लेखी परीक्षा ती पास झाली. आता प्रात्यक्षिक तेवढं उरलं होतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी वॉर्ड कसा दिसत होता म्हणून सांगू! इनचार्ज होत्या बगळी सिस्टर. पांढऱ्याशुभ्र आणि ताठ. त्यांनी पहाटेपासून सगळ्या चादरी ताणून घेतल्या होत्या. उशा एका रांगेत. आजारी उताणे, हात सरळ, पाय सरळ. "बाहेरचे परीक्षक जाईपर्यंत कुणी हलायचं नाही," अशी सक्त ताकीद होती.

बाहेरचे परीक्षक म्हणजे धनेशसर. त्यांची चोच फार मोठी होती, त्यामुळे ते काहीही बोलले तरी महत्त्वाचं वाटे.

पहिली आली पाणकोंबडी. तिच्या वाट्याला ससा आला. तिने सशाचा पंजा धरला, छताकडे पाहिलं आणि श्वास अठरा असं लिहिलं. धनेशसरांनी कालचा चार्ट काढला. कालही अठरा.

"अचूक," धनेशसर म्हणाले.

मग टिटवी आली. तिला सात नंबरचा बेड मिळाला. तिथे अस्वलआबा होते. हे मोठं प्रस्थ. चार दिवस ताप आणि खोकला. चार दिवसांचे श्वास अठरा, अठरा, अठरा, अठरा.

"चादरीला सुरकुती पडू देऊ नकोस गं," बगळी सिस्टर तिच्या कानाशी पुटपुटल्या.

टिटवीने आबांच्या मनगटावर बोटं ठेवली. "आबा, जरा नाडी बघते हं," ती म्हणाली. नाडी तिची मघाशीच बघून झाली होती. आता ती श्वास मोजत होती. पण तसं सांगायचं नसतं, बाळांनो. सांगितलं की आजारी सावध होतो आणि श्वास पाहुण्यासारखे वागायला लागतात.

तिने घड्याळाचा सेकंदकाटा धरला आणि पूर्ण एक मिनिट मोजलं.

बत्तीस.

तिने परत मोजलं. बत्तीसच. मग तिने नीट पाहिलं. नाकपुड्या फुलत होत्या. प्रत्येक श्वासाला खांदे वर ओढले जात होते. जीभ निळसर दिसत होती.

"आबा, दम लागतोय का?"

"न्हाई... पोरी... झ्याक..." आबा म्हणाले, आणि पुढचा शब्द काही त्यांना सापडला नाही.

टिटवीने पेन उचललं. अठरा लिहायला किती वेळ लागतो? लिहिलं की परवाना. परवाना मिळाला की किल्ली. किल्ली मिळाली की वाळूवरची पिल्लं. तिने पेन कागदाजवळ नेलं आणि मागे घेतलं. परत नेलं. मला तिची फार दया येते. अशा वेळी पुस्तक कामाला येत नाही, कारण पुस्तकात प्रश्नाखाली चार पर्याय असतात आणि त्यांतला एक कुणीतरी आधीच बरोबर ठरवलेला असतो.

तिने बत्तीस लिहिलं.

मग ती कुणाकडे बघायला थांबली नाही. तिने आबांना काखेत धरून उठवून बसवलं. पाठीमागे तीन उशा लावल्या, त्यांतल्या दोन शेजारच्या बेडवरच्या. ऑक्सिजन लावला. आणि मग टिटवीला जे जन्मापासून येतं ते केलं. ओरडली. अशी ओरडली की वानरडॉक्टर चहाचा कप हातात घेऊनच खिडकीतून आत आले.

डॉक्टरांनी छातीला कान लावला. "न्यूमोनिया! अजून तासभर उताणं ठेवलं असतं तर आटोपलं होतं," ते म्हणाले. त्यांनी भराभर औषधं सांगितली. केसपेपर लिहिताना त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "श्वास किती लिहू?" बगळी सिस्टरांनी नेहमीप्रमाणे कालचा चार्ट पाहून सांगितलं, "अठरा."

आठ दिवसांत अस्वलआबा खडखडीत बरे झाले. नवव्या दिवशी टिटवीला समितीपुढे बोलावणं आलं. समिती म्हणजे धनेशसर आणि बगळी सिस्टर.

"तू बत्तीस लिहिलंस," धनेशसर म्हणाले. "आदल्या दिवशीच्या चार्टवर अठरा. त्याच्याही आदल्या दिवशी अठरा. डॉक्टरांच्या केसपेपरवर अठरा. मग हे बत्तीस आणलंस कुठून?"

"आबांच्या छातीतून, सर."

"आबांना विचारू या ना," बगळी सिस्टर म्हणाल्या.

अस्वलआबांना बोलावलं. आता एक अडचण होती. पुढच्याच आठवड्यात मध संस्थेची निवडणूक होती आणि आबा अध्यक्षपदाला उभे होते. धापा टाकणाऱ्या अस्वलाला झाडावर कोण चढवणार आणि मत कोण देणार?

"मला कुठं काय झालं हुतं?" आबा छाती काढून म्हणाले. "जरा पडून हुतो. ह्या पोरीनं उगंच उठवून बसिवलं आन् नाकात नळी घातली."

टिटवी त्यांच्याकडे बघतच राहिली. आबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"हे बघ," धनेशसर समजावणीच्या सुरात म्हणाले, "पुस्तक काय सांगतं? बत्तीस श्वास म्हणजे जिवाला धोका. आबा तर तुझ्यासमोर उभे आहेत. त्या अर्थी धोका नव्हता. धोका नव्हता, त्या अर्थी श्वास बत्तीस नव्हते. आबा गेले असते तर तुझं म्हणणं खरं धरता आलं असतं."

"पण सर, बसवलं आणि ऑक्सिजन लावला म्हणून ते वाचले!"

"तेच तर म्हणतोय मी. वाचले."

बगळी सिस्टर तशा दुष्ट नव्हत्या. पंचवीस वर्षं दोन-दोन वॉर्ड एकटीने ओढून त्यांचे पाय काडीसारखे झाले होते. त्यांनी चार्ट टिटवीपुढे सरकवला. "अगं, एवढं काय त्यात? बत्तीस खोड, अठरा लिही. आत्ताच्या आत्ता पास करतो. किल्लीसुद्धा इथेच आहे टेबलावर."

किल्ली खरंच टेबलावर होती. टिटवीने तिच्याकडे पाहिलं आणि पेन उचललं.

"सिस्टर, चार्टवर चूक झाली तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची, असं तुम्हीच शिकवलंत. मी सही कशी करू? हे अठरा मी मोजलेच नाहीत."

"अठरा कुणीच मोजत नाही!" धनेशसरांची चोच कडाडली. "ते लिहायचे असतात!"

टिटवीने पेन खाली ठेवलं.

तिच्या निकालपत्रावर कारणं दिली होती. मोजण्यात चूक. चादरीला सुरकुती. वॉर्डात आरडाओरडा. पाणकोंबडी जंगलात पहिली आली आणि तिला त्याच वॉर्डात नेमलं. टिटवी वाळूवर परत गेली. पुढच्या परीक्षेसाठी उपकेंद्राच्या पायरीवर बसून पाठांतर करू लागली. दाराचं कुलूप उन्हापावसाने गंजत होतं. त्या वर्षीही पिल्लं गेली. किती, ते मला सांगवत नाही.

अस्वलआबा निवडून आले. हिवाळ्यात त्यांना पुन्हा ताप भरला.

आता ते अध्यक्ष होते. त्यांना वाजतगाजत आणलं, कोरी चादर घातली. भेटीला बडे लोक येणार होते, म्हणून उताणं निजवलं आणि हातपाय सरळ केले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणकोंबडी आली. तिने पंजा धरला, छताकडे पाहिलं आणि अठरा लिहिलं.

"सिस्टर," आबा म्हणाले, "दम... लागतोय."

पाणकोंबडीने चार्ट पाहिला. "नाही आबा, सगळं नॉर्मल आहे."

"मला... उठवून बसीव."

"चादर चुरगळेल ना. पाहुणे येतायत."

आबांनी तिचा पंख घट्ट धरला. मोठ्या कष्टाने म्हणाले, "ती... बत्तीसवाली... तिला बोलीव."

"टिटवीला? तिला परवाना नाही, आबा. ती नापास आहे."

"आगं... ती... बरोबर... हुती."

"असं कसं म्हणता?" पाणकोंबडी नवलाने म्हणाली. ती मनापासून बोलत होती, तिला काही कळत नव्हतं अशातला भाग नाही, पण ती शिकलीच तशी होती. "तुम्हाला तेव्हा काहीच झालं नव्हतं. तुमचा तसा जबाब आहे. खाली तुमचा अंगठाही आहे."

आबांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. बोलायला त्यांच्याजवळ श्वास उरला नव्हता.

अस्वलआबा दुपारी चार वाजता गेले. त्यांचा चार्ट फार सुबक होता. एकही खाडाखोड नाही, एकही रकाना रिकामा नाही. संध्याकाळी सहाच्या रकान्यातसुद्धा श्वास अठरा आहे.

तो चार्ट आता शाळेत काचेमागे लावला आहे. नव्या मुली आल्या की बगळी सिस्टर त्यांना तो दाखवायला नेतात. मुली वहीत उतरवून घेतात.

तात्पर्य : आजारी दगावला तर दाखवायला चार्ट असतो. आजारी वाचला तर तो आजारी होता हे दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून, बाळांनो, चार्टच्या जिवाला जपा.