टेबल नंबर तीनचं तूप

डिसेंबरातल्या त्या सकाळी मी हाताला तूप लावायचं ठरवलं. माझा गुन्हा एवढाच. जबलपूरच्या थंडीत हात उलतात, क्रीमची ट्यूब संपली होती आणि सासूबाईंनी नुकतंच लोणी कढवलं होतं. त्या म्हणाल्या, "क्रीम काहून पाहिजे? कढईतली बेरी चोळ, गुलाबासारखे होतील हात." नव्या सुनेला नाही म्हणता येत नाही. (जुन्या सुनेला येतं असं ऐकलंय. वाट बघतेय.) मी कोपरापर्यंत चोळलं.

आणि त्याच दिवशी मला बियरच्या स्पर्धेत कप वाहून न्यायचे होते.

माझा नवरा गौरांग रिछाईच्या एका लहान कारखान्यात बियर बनवतो. लग्न जुळवताना आमच्याकडे "धान्यप्रक्रियेत आहे" असं सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्याची गव्हाची बियर म्हणजे त्याचा जीव. मोबाइलमध्ये माझ्यापेक्षा तिच्या टाकीचे फोटो जास्त. पण मालक विक्की भैयांनी बजावलं होतं, या स्पर्धेत एक तरी मेडल आण, नाहीतर जानेवारीपासून त्या टाकीत सोडा भरू. तेव्हापासून गौरांग जेवताना पोळीकडेही दुःखाने बघायचा.

स्पर्धा इथल्याच एका हॉटेलात होती. लग्नसराई असल्यामुळे कप नेणारे दोघं ऐनवेळी कुणाच्या तरी वरातीत निघून गेले. गौरांगने आयोजकांना सांगितलं, "माझी बायको आहे. ती बोलत नाही." त्यांना नेमकं हेच हवं होतं. कोणती बियर कोणाची हे कोणालाच ठाऊक नसतं. कपावर फक्त नंबर, नावं बंद पाकिटात. कप नेणाऱ्याने बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, अत्तर लावायचं नाही. मी तिन्ही नियम पाळत होते. (तूप अत्तरात मोडतं हे मला कोण सांगणार?)

मला टेबल नंबर तीन मिळालं, गव्हाच्या बियरचं. एकूण नऊ बियर, तीन परीक्षक. मुख्य होत्या नागपूरच्या सुहासिनी मॅडम. मला वाटलं होतं, ही माणसं दिवसभर मजेत पीत असतील. कसलं काय. आधी वास घ्यायचा, मग कप उजेडात धरायचा, मग फेस किती वेळ टिकतो ते बघायचं, मग चमचाभर घोट, मग तोंड साफ करायला कोरड्या पावाचा तुकडा, आणि मग पानभर लिहायचं. मला बघायला आले होते तेव्हा याच्या निम्म्यानेही कुणी निरखलं नव्हतं.

पहिला कप मॅडमनी नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "लोणी." बियरला लोण्याचा वास म्हणजे मोठा दोष. घाई केली, नीट आंबू दिली नाही, असा अर्थ. दुसरा कप, लोणी. तिसरा, लोणी. सहाव्याला शेजारचे परीक्षक म्हणाले, "पूरे प्रदेश में बियर डेयरीवाले बना रहे हैं क्या?"

नवव्या कपानंतर मॅडमनी पेन खाली ठेवलं. लायकीची बियर नसेल तर मेडल रिकामं ठेवता येतं म्हणे. त्या शांतपणे म्हणाल्या, या गटात सोनं नाही, चांदी नाही, काहीच नाही.

काचेच्या दारापलीकडे गौरांग उभा होता. त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो हसत होता. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी नाक पुसायला हात वर केला. आणि वास आला. सासूबाईंचं साजूक.

बोलावं तर नियम मोडतो. न बोलावं तर टाकीत सोडा. सासरी चार महिन्यांत मी एकूण जेवढी बोलले असेन, तेवढा धीर एका वाक्यासाठी गोळा केला.

"मॅडम, बियर में घी नहीं है. घी मैं हूँ."

मॅडमनी माझा हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि तेवढ्याच गांभीर्याने हुंगला. "घरचं आहे," त्या मराठीत म्हणाल्या. "पण बेरी जरा जास्त लाल झालीय."

साबणालाही वास असतो म्हणून हॉटेलच्या स्वयंपाकघरात नेऊन मला कणकेने हात चोळायला लावले. नऊ नव्या बाटल्या उघडल्या. सगळं पहिल्यापासून सुरू झालं. आणि काय सांगू, चारशे सतरा नंबर ओतला तर केळी आणि लवंगेचा असा घमघमाट, की मी मनात म्हटलं, हीच. मी ह्याचे शर्ट धुते, मला ओळखू येणार नाही? परीक्षकांच्या माना डोलल्या. मी बाथरूममध्ये जाऊन सासूबाईंना "गोल्ड" असा मेसेज टाकला. सासरे गन कॅरेज फॅक्टरीतून रिटायर झालेले, हुकुमाची तामील लगेच. ते कमानिया गेटवरून दोन किलो खोव्याची जिलेबी घेऊन आले आणि मुलाला गव्हाच्या संशोधनात सुवर्णपदक मिळाल्याचं त्यांनी गल्लीभर सांगितलं.

संध्याकाळी पाकीट उघडलं. सोनं, चारशे सतरा, भोपाळ. मला घरची दोन किलो जिलेबी आठवली. मग चांदी, दोनशे अडतीस, रिछाई, गौरांग.

गौरांगने स्टेजवर उडीच मारली. विक्की भैयांनी त्याला उचललं आणि टाकीला हात लावणार नाही अशी सर्वांसमोर शपथ घेतली. सुहासिनी मॅडमनी माईकवरून सांगितलं, की आज ही मेडलं एका मुलीच्या नाकामुळे आणि खरेपणामुळे वाटली जात आहेत. अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मी इतकी ताठ लग्नातही बसले नव्हते. घरी फोन केला तर सासरे म्हणाले, "चालते. सराफ्यात चांदीच चढून राहिली सध्या."

घरी जाताना स्कूटरवर गौरांग मेडल गळ्यात घालूनच होता. म्हणाला, "सगळे म्हणून राहिले, वहिनींचं नाक म्हणजे कमाल. मग माझी बियर तर तू लगेच ओळखली असशील?"

मी हो म्हटलं. दोनशे अडतीसला मला ओल्या गोणपाटाचा वास आला होता, आणि कप ठेवताना मी मनात म्हटलं होतं, बनवणाऱ्याची बायको बिचारी कशी राहत असेल त्याच्यासोबत.